आराधनाने पाठवलेला चाकू

चाकू हरवला आहे हे मला जुलैच्या दोन तारखेला, सकाळी सव्वादहा वाजता कळलं. वेळ नेमकी सांगतो आहे, कारण चौतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर गेलं हे लिहून ठेवणं, एवढं एकच काम मला नीट येतं.

त्या सकाळी गटारीच्या कामाचा मुकादम श्रीरामपुरातल्या आमच्या गल्लीत आला आणि फाटकाजवळच्या बोरीवर चुन्याने मोठी फुली मारली. "लाइन इथूनच जातीय. सतरा तारखेला झाड निघंल," तो म्हणाला. "तवर बोरं खायची तर खाऊन घ्या." जुलैत बोरीला बोरं नसतात. ज्याला एवढंही माहीत नाही त्याच्याशी झाडाबद्दल काय बोलणार. शेजारच्या मनकर्णावहिनींनी कुंपणावरून फुली बघितली आणि विचारलं, "भावजी, पाळकसाहेबांनी झाडाला बी बाप्तिस्मा दिला का काय?"

ही बोर एस्तेरची. एस्तेर माझी बायको. ती एप्रिलात गेली. तिच्या बोरीची बोरं लिंबाएवढी व्हायची आणि आंबट अजिबात नसायची. तसं झाड बी पेरून येत नाही. गावठी बोरीचं रोप वाढवायचं, त्याच्या सालीत चिरा द्यायचा आणि चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, सालीसकट काढून त्या चिऱ्यात बसवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. एस्तेर दर जुलैत डोळे भरायची. तिने कापायचं आणि मी प्लॅस्टिकची पट्टी बांधायची, अशी आमची वाटणी होती. तीस वर्षं मी पट्टीच बांधली. बढती मिळाली नाही.

मार्चमध्ये तिने चार पिशव्यांत गावठी बोरीच्या बिया लावल्या होत्या. दवाखान्यात ती मला दोनदा म्हणाली, पिशव्यांना पाणी घालत जा, जुलैत डोळे भरू. पाणी मी घातलं. रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. म्हणजे सतरा तारखेच्या आत डोळे भरले तर एस्तेरची बोर राहणार, नाहीतर ती जात संपली. हा हिशेब मला मुकादम गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत कळला आणि मी चाकू आणायला आत गेलो.

एस्तेरचा डोळे भरायचा चाकू निळ्या बिस्किटांच्या डब्यात असायचा, पट्ट्यांच्या गुंडाळीबरोबर. डबा फळीवर नव्हता. पलंगाखाली नव्हता. मग मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि मला आठवलं. मे महिन्यात दारावर भंगारवाला आला होता. तेव्हा तिच्या वस्तूंकडे मला बघवत नव्हतं. बिघडलेला मिक्सर दिला, इस्त्री दिली, आणि शेजारी जे काही पत्र्याचं होतं ते उघडून न बघता देऊन टाकलं. डबा मीच दिला होता.

दुपारी नाशिकहून मुलीचा, आराधनाचा फोन आला. तिला झाडाचं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मग आजच भरा ना. आईचा चाकू आहे की."

"चोरीला गेला," मी म्हणालो.

"चाकू? चाकू कोण चोरतं?"

"हल्ली कोणीही काहीही चोरतं."

चौतीस वर्षांत मी कोणाची पाच मिनिटंसुद्धा खोटी लिहिली नव्हती. चीफ इंजिनियर उशिरा आले तेव्हाही उशिराच लिहिलं. आणि पोटच्या पोरीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी पाठवते. चांगला पाठवते."

मधल्या दिवसांत मी नगरपालिकेत झाड वाचवायचा अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने सांगितलं की हरकत घ्यायची मुदत जूनमध्येच संपली, नोटीस फलकावर लावली होती. फलक कुठे आहे, मी विचारलं. फलक उतरवून रंगवायला दिला होता. मीही कारकून होतो, त्यामुळे मला राग आला नाही. काम चोख होतं.

आठ तारखेला पार्सल आलं. मी चाकू बऱ्याच वर्षांत विकत घेतलेला नाही, त्यामुळे चाकूंची एवढी प्रगती झाली आहे हे मला माहीत नव्हतं. काळा खोका, त्याचं झाकण लोहचुंबकाने बंद होणारं, आत मखमल. मखमलीत घडीचा चाकू. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आरशासारखं पातं, साल उचलायला मागे पितळेची जीभ. उघडला की टक आवाज होऊन पातं जागेवर पक्कं बसायचं, बटण दाबल्याशिवाय मिटायचं नाही. बरोबर माहितीपुस्तक होतं. त्यात अकरा भाषा होत्या आणि मुंगीएवढं अक्षर होतं. मनकर्णावहिनींचे मालक गोरक्ष चाकू हातात न घेता लांबूनच म्हणाले, "याकोबदादा, ह्याच्यानं झाड कापायचं? ह्याच्यापुढं झाडानंच लाजून मरावं."

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते. त्यांनी चाकूसाठीही प्रार्थना केली. अब्राहामाच्या चाकूपासून सुरुवात केली, पेत्राच्या तरवारीपर्यंत आले, आणि चहा गार झाल्यावर आमेन म्हणाले. ते जातात तोच मनकर्णावहिनी ताट घेऊन आल्या.

"नवं हत्यार घरात आलंय, तसंच वापरनार व्हय?"

आमच्यात हे नसतं, असं मी म्हणणार होतो. पण एस्तेरचं शिलाई मशीन आलं तेव्हा वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि एस्तेरने काही न बोलता त्यांना चहा दिला होता. मीही पाट मांडला. वहिनींनी चाकू उघडा पाटावर ठेवला, हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, ओल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. "मिटा आता," त्या म्हणाल्या. मी मिटला. सर्व धर्मांचं काम एका संध्याकाळी उरकलं म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाकू उघडेना.

नखाने ओढला तर नख तुटलं. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा पाऊण उघडला आणि अडला. टक आवाज नाही. मिटवला तर पूर्ण मिटेना, टोक करंगळीएवढं बाहेर राहिलं. रात्री धडधाकट असलेला चाकू सकाळी असा झाला. गोरक्षांना दाखवला. ते म्हणाले, "भारी वस्तू अशीच असती. आमच्या साडूनं सोनईत नवी गाडी घेतली, तिचं दार न्हाई का अडकत? भाव खाती ती. खोबरेल सोडा." खोबरेल सोडलं. आता चाकू अडायचाच, पण हातातून निसटूनही जायला लागला.

"विळीनं भरा की," मनकर्णावहिनी म्हणाल्या. विळीने एका फांदीवर करून बघितलं, सालीचा चोथा झाला. दाढीच्या पात्याने बघितलं, पातं बोरीच्या लाकडात मोडलं. एस्तेर डोळा काढायची तेव्हा साल केळीच्या सालीसारखी यायची. त्याला लांब, सरळ आणि न हलणारं पातं लागतं.

मग गोरक्षांनी बिभीषणना बोलावलं. बिभीषण माझ्याच कारखान्यात मिल हाउसला फिटर होते. उसाचे रोलर बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि जगातली प्रत्येक वस्तू हा लहान केलेला रोलर आहे असं त्यांचं मत होतं. त्यांनी चाकू कानाशी धरून हलवला.

"ग्रीस कधी भरलं हुतं?"

"कालच आलाय."

"म्हंजी भरलंच न्हाई," ते म्हणाले आणि बोटभर ग्रीस आत कोंबलं. चाकू काळा झाला. उघडेना तो उघडेनाच. "आता खोलाय लागंल."

"कंपनी खोलू नका म्हणते. स्क्रूवर लाल ठिपका आहे, तो तुटला तर गॅरंटी जाते." एवढं मी भिंग लावून वाचलं होतं.

"याकोबराव, तुमी कधी मिल हाउसमधी आलात का? गेटावरच बसून ऱ्हायलात. कंपन्या असं म्हनतातच."

हे मला लागलं. मी खोला म्हणालो.

स्क्रूचं डोकं चांदणीसारखं होतं आणि तसा पाना श्रीरामपुरात कोणाकडे नव्हता. बिभीषणांनी घरी जाऊन सायकलची तार कानशीने घासून पाना बनवला आणि दुपारी चाकू वर्तमानपत्रावर खोलला. लाल ठिपका तुटला. आतून पातं निघालं, बारीक सळी निघाली, आणि कागदासारख्या पातळ पितळी चकत्या निघाल्या. चकत्या दोन होत्या असं मी म्हणत होतो, एकच होती असं बिभीषण म्हणत होते. अर्धा तास आम्ही तिघं फरशीवर रांगत होतो. शेवटी गोरक्ष चहाला उठले तेव्हा दुसरी त्यांच्या टाचेला ग्रीसने चिकटलेली दिसली.

चाकू परत जोडला आणि एक स्क्रू उरला.

"कंपनी एक जास्तीचा देतीच," बिभीषण म्हणाले. त्यांनी तो खिशात टाकला.

आता चाकू नव्या पद्धतीने बिघडला. स्क्रू सैल ठेवला की पातं डुलायचं, घट्ट केला की हलायचंच नाही, आणि मधे कुठे ठेवला तर एका बाजूला मूठ खरवडायचं. अडायचं ते जुन्याच जागी. म्हणजे जुना दोष राहिला होताच, वर तीन नवे आले होते.

मग मी कंपनीला फोन केला. सात मिनिटं बासरी वाजली. त्यानंतर सृष्टी नावाच्या एक बाई बोलल्या, फार गोड बोलल्या. मी त्यांना सांगितलं की तुमच्या बनावटीतच दोष आहे. पात्याच्या बैठकीचं माप चुकलेलं आहे. हे वाक्य बिभीषणांचं होतं. त्या म्हणाल्या, दोषाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ गोरक्षांनी काढला. तो दोन मिनिटांचा होता. त्यात माझं पोट होतं, फाटक होतं, आणि मनकर्णावहिनींचा आवाज होता, "दूध उतू चाललंय, काय चित्रं काढत बसलाय." सृष्टीताईंनी कळवलं, सर, व्हिडिओत चाकू दिसत नाही. दुसरा पाठवला. त्यात चाकू दिसला आणि तुटलेला लाल ठिपकाही दिसला. तरी त्या भल्या होत्या. परत पाठवा, बघतो, म्हणाल्या. यात चौदा तारीख उजाडली.

पंधराला मी चाकू घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, माणूस नियमाने वागत होता. त्याने विचारलं, आत काय आहे? खेळणं आहे म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण एक खोटं माझ्या नावावर आधीच होतं.

"चाकू," मी म्हणालो.

त्याने पार्सल माझ्याकडे सरकवलं. "हत्यार घेत नाही."

"शेतीचं अवजार आहे. डोळे भरायचं."

"मग शेतकरी असल्याचा पुरावा द्या. सातबारा आणा."

माझ्या नावावर एक गुंठाही नाही. एक झाड आहे, त्याच्यावर फुली आहे. घरी येऊन सांगितलं तर गोरक्ष उठून आतच गेले. "आमचा सोनईचा उतारा हाय की. कांदा, ऊस, हीर, सगळं हाय त्याच्यावर. एक चाकू चढवू." मी नको म्हणालो. चाकू गेला आणि महिन्याने आला तरी त्याचा उपयोग काय, हे तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं होतं. फांद्या आधी तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या तरी दोन दिवस टिकतात. मधे दीड दिवस उरला होता.

संध्याकाळी मी एकटाच फाटकाजवळ बसलो. झाडाला नवी फूट छान आली होती. साल नखाने सुटत होती. डोळे टपोरे होते. सगळं एस्तेर म्हणायची तसं झालं होतं, फक्त मी तिचा डबा भंगारात दिला होता.

सोळाला सकाळी मनकर्णावहिनींनीच सुचवलं. "भावजी, लोखंडाची मानसं झाली. आता घड्याळाच्या मानसाला दाखवा."

सूर्यभान स्टँडजवळ टपरीत घड्याळं दुरुस्त करतात. हल्ली घड्याळं कोणी घालत नाही, त्यामुळे ते बरेचदा मोकळे असतात आणि लोकांवर रागावलेले असतात. त्यांनी चाकू हातात घेतला, ग्रीसचा वास घेतला आणि विचारलं, "बैलगाडीला बसवला हुता का?"

मी सगळं सांगितलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चाकू खोलला, एकेक तुकडा पेट्रोलमध्ये धुतला आणि पांढऱ्या रुमालावर ओळीने मांडला. "चकत्या दोन्ही एकाच अंगाला टाकल्यात. एक हिकडं, एक तिकडं पायजे. आन एक स्क्रू कमी हाय."

"तो बिभीषणांच्या खिशात आहे."

"ऱ्हाऊ द्या त्यांच्या खिशात. माझ्याकडं जुन्या घड्याळाचा हाय." मग ते थांबले. पात्याची टाच जिथे येऊन टेकते त्या खाचेत त्यांनी चिमटा घातला, काहीतरी खरवडलं आणि रुमालावर ठेवलं. लाल रंगाचं, चपटं, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं. त्यांनी भिंगातून त्याच्याकडे बघितलं, मग भिंगातूनच माझ्याकडे बघितलं.

"तुमी याकोब ना?"

"हो."

"मग ही अक्षता कशी काय?"

मी बघितलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवासकट चेपून, वाळून दगड झाला होता. वहिनींनी वाहिला होता आणि मी त्याच्यावर चाकू मिटला होता. वरून खोबरेल आणि ग्रीस गेलं, त्यामुळे चाकू खोलला तेव्हाही तो कोणाला दिसला नाही. पाच दिवस मी एका भल्या बाईला तुमच्या बनावटीत दोष आहे असं ऐकवत होतो, तो दोष आमच्या रेशनच्या दुकानातला होता.

सूर्यभाननी चाकू जोडला. उघडला, टक. मिटवला, टोक आत. एका अंगठ्याने पुन्हा उघडला, टक. "काम झालं," ते म्हणाले आणि दाणा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला. "तुमचा पार्ट."

साडेअकराला मी घरी होतो. डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली फांदी, तोडली, रोपांच्या पिशव्या सावलीत घेतल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या पट्ट्या कापल्या. चाकू उघडला, आणि मला कळलं की पट्टी बांधायला कोणी नाही. आजपर्यंत तो माणूस मीच होतो.

"द्या हिकडं," मनकर्णावहिनी कुंपणाला वळसा घालून आल्या आणि पट्टी घेऊन समोर बसल्या. "बाईंचं बघितलंय मी. तुमी लई घट्ट आवळायचे. त्या म्हनायच्या मला, यान्ला झाड म्हंजी पोतं वाटतं."

हे एस्तेरने मला कधीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या रोपाला मी साल कापली आणि पाठोपाठ अंगठाही कापला. चाकू खरोखर उत्तम होता. वहिनी घरात जाऊन हळद घेऊन आल्या आणि अंगठ्यावर दाबली. "झालं काय हुतं ह्याला?" त्यांनी चाकूकडे बघत विचारलं.

पुडी माझ्या खिशात होती. "चकत्या उलट्या बसल्या होत्या," मी म्हणालो. खोटं नव्हतं. अपुरं होतं.

दुसरं रोप नीट झालं, तिसरंही. चौथ्याची साल तर केळीच्या सालीसारखी आली. वहिनी पट्टी गुंडाळत खाली बघतच बोलल्या, "भावजी, तो निळा डबा गाड्यावर चढताना मी बघितला हुता. कुंपणावरनं हाक मारली. पार कोपऱ्यापातुर पळत गेल्ते, पर तो भोंगा वाजवत निघून गेला. तवा तुमाला सांगू वाटलं न्हाई."

 मे, जून, अर्धा जुलै, एवढे दिवस त्यांना माहीत होतं. आराधना त्यांच्याशी फोनवर दर आठवड्याला बोलते.

"आराधनाला बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? तुमचं तुमी सांगा."

सतराला मुकादम नऊ ऐवजी अकरा वाजता आला. मी वेळ बघितली. झाड पाऊण तासात निघालं. गोरक्षांनी एक फांदी कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी मागून घेतली. बिभीषणही आले होते. मी चाकू उघडून त्यांना टक ऐकवलं. ते म्हणाले, "बघा, ग्रीस मुरलं." मी हो म्हणालो.

सृष्टीताईंना चाकू दुरुस्त झाल्याचं कळवलं. त्यांनी मला किती तारे द्याल असं विचारलं. पाच दिले. पुडी एस्तेरच्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकाशेजारी कपाटात ठेवली आहे.

आज ऑगस्टची सात तारीख. पहिल्या रोपाचा डोळा सुकला, तो अंगठा कापला तेव्हाचा होता. बाकी तिन्ही फुटले आहेत. एक मनकर्णावहिनींच्या दारात लावलं, एक गटारीची लाइन सोडून आमच्या. पट्टी या वेळी सैल बांधली होती, बहुतेक म्हणूनच फुटले. तिसरं न्यायला आराधना रविवारी येते आहे. तिने फोनवर विचारलं, चोर सापडला का. मी म्हणालो, तू ये, मग बोलू.

त्या रोपाची पिशवी धुऊन पुसून दारात ठेवली आहे. डबा मीच भंगारात दिला, हे तिला सांगायचं राहिलं आहे.